टॉपिकमध्ये बदल करताना: नवी आवृत्ती, ब्रँच की वेगळा टॉपिक?

वर्षानुवर्षं वर्डमध्ये मॅन्युअल लिहिल्यावर ज्यांची टीम डिटावर गेली आहे, त्या वाचकांचे प्रश्न साधारण एकाच वळणाचे असतात. ‘टॉपिक लॉक दिसतोय, आता काय करू?’ ‘मी एक ओळ बदलली आणि ती दुसऱ्याच मॉडेलच्या पुस्तिकेत उमटली, असं कसं?’ ‘जुनी आवृत्ती उघडली, तर तिच्यात नवी सूचना दिसते. का?’ ‘दर वेळी नवी आवृत्ती काढायची का?’ पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतल्या सॉफ्टवेअर आणि इंजिनिअरिंग कंपन्यांमध्ये तांत्रिक लेखन करणारे मराठी लोक पुष्कळ आहेत आणि या कामात नव्याने येणारेही कमी नाहीत. प्रशिक्षणात त्यांना साधनाची बटणं दाखवली जातात. कोणत्या प्रसंगी कोणतं बटण वापरायचं आणि कोणतं टाळायचं, हे मात्र राहून जातं. या लेखात तेवढंच पाहू.

आधी शब्द पक्के करा

डिटा ही एक्सएमएलवर आधारलेली लेखनपद्धती आहे. ती आयबीएममध्ये तयार झाली, २००४ मध्ये ओएसिस या मानक संस्थेकडे गेली, २००५ मध्ये १.० आवृत्ती मंजूर झाली आणि आज बहुतेक ठिकाणी वापरात असलेली १.३ आवृत्ती २०१५ ची आहे. तिच्यात पुस्तक एकसंध लिहिलं जात नाही. एका विषयाचा एक टॉपिक, प्रत्येक टॉपिकची वेगळी फाइल, आणि कोणते टॉपिक कोणत्या क्रमाने घ्यायचे हे सांगणारा मॅप. एकच टॉपिक दहा मॅपमध्ये असू शकतो. तुमच्या बहुतेक अडचणींचं मूळ या एका सोयीत आहे.

रोजच्या कामात चार गोष्टींची गल्लत होते:

- सेव्ह: बदल तुमच्यापुरता जपला गेला. अजून तो इतरांना दिसत नाही.
- चेक-इन: बदल टीमच्या सामाईक साठ्यात (रिपॉझिटरीत) गेला आणि टॉपिकवरचं तुमचं लॉक सुटलं. इतिहासात एक नोंद पडली.
- आवृत्ती: टॉपिकची औपचारिक अवस्था. आधीची आवृत्ती रिलीज झाल्यानंतर नव्याने काम सुरू करायचं असेल तेव्हा ती काढतात.
- बेसलाइन: एखाद्या पुस्तिकेत कोणत्या टॉपिकची कोणती आवृत्ती घेतली होती, याची गोठवलेली यादी.

साधनागणिक नावं थोडी बदलतात. काही ठिकाणी चेक-इनच्या नोंदीला ‘रिव्हिजन’ म्हणतात, काही ठिकाणी बेसलाइनला ‘स्नॅपशॉट’. तुमच्या साधनात या चार कल्पनांना काय म्हणतात ते पहिल्याच दिवशी वरिष्ठांना विचारून लिहून ठेवा. ‘व्हर्जन काढ’ असं कोणी म्हणालं की यातलं नेमकं काय काढायचं, हे त्याच वेळी विचारून घ्या.

दर चेक-इनला नवी आवृत्ती काढायची नाही, हे वरच्या एका प्रश्नाचं थेट उत्तर. मसुदा चालू आहे तोवर त्याच आवृत्तीत कितीही वेळा चेक-इन करा. ती आवृत्ती रिलीज झाली, म्हणजे वापरणाऱ्यांच्या हाती गेली, की तिला हात लावायचा नाही. पुढचा बदल पुढच्या आवृत्तीत. बहुतेक साधनं रिलीज झालेला टॉपिक उघडू देतात, पण त्यात लिहू देत नाहीत. ही आडकाठी तुमच्या भल्याची आहे. ती बाजूला करून ‘एवढा एकच शब्द बदलून द्या’ अशी विनंती अ‍ॅडमिनकडे करू नका.

पहिली पायरी: कुठे कुठे वापरलंय ते पाहा

टॉपिक चेक-आउट करण्याआधी, म्हणजे बदलायला घेण्याआधी, तो आणखी कोणत्या मॅपमध्ये आहे आणि त्यातला मजकूर दुसऱ्या कोणत्या टॉपिकने ओढून घेतला आहे, याची यादी काढा. हे दाखवण्याची सोय जवळजवळ प्रत्येक साधनात असते, मेन्यूत बहुधा ‘व्हेअर यूज्ड’ नावाने. यादी काढायला फारसा वेळ लागत नाही, तरी सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच पायरी.

यादीत दोन प्रकारचे संबंध असतात आणि दोन्ही पाहायला हवेत. अख्खा टॉपिक मॅपमध्ये घेतलेला असतो, हा पहिला. टॉपिकमधला एखादा परिच्छेद, पायरी किंवा इशारा कॉनरेफने, म्हणजे संदर्भ देऊन, दुसरीकडे ओढलेला असतो, हा दुसरा. नवख्या लेखकाची नजर पहिल्यावर जाते, दुसरा सुटतो. लेखाच्या सुरुवातीला विचारलेली ‘दुसऱ्याच मॉडेलच्या पुस्तिकेत ओळ उमटली’ ही अडचण बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारातून येते.

यादीत दुसऱ्या लेखकाचा मॅप दिसला, तर बदल करण्याआधी त्याला कळवा. ईमेलपेक्षा टास्कच्या नोंदीत लिहिणं बरं, कारण सहा महिन्यांनी नोंद सापडते आणि ईमेल सापडत नाही.

चार पर्याय, आणि निवड कशी करायची

एक उदाहरण घेऊ. समजा, पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही लेखक आहात. ‘देखभालीआधी वीजपुरवठा बंद करणे’ असा एक टास्क टॉपिक, म्हणजे कामाच्या पायऱ्या सांगणारा टॉपिक, आहे आणि तो तीन मॉडेलांच्या पुस्तिकांत वापरला आहे. आता चौथं मॉडेल येतंय. त्याला कंट्रोल पॅनेल आहे, त्यामुळे मेन स्विच बंद केल्यावर पॅनेलमधला कपॅसिटर रिकामा होईपर्यंत, म्हणजे पॅनेलमधला दिवा विझेपर्यंत, थांबावं लागतं. टॉपिकमध्ये एक पायरी वाढवायची आहे. तुमच्यापुढे चार वाटा आहेत.

१. त्याच टॉपिकची नवी आवृत्ती. बदल सगळ्या मॉडेलांना लागू असेल तर हीच वाट. उदाहरणार्थ, इंजिनिअरिंग विभागाने ठरवलं की स्विच बंद केल्यावर त्याला कुलूप लावून पाटी अडकवायची, आणि ते चारही मॉडेलांना लागू आहे. मग नवी आवृत्ती काढा, एकदाच लिहा आणि चारही पुस्तिकांच्या पुढच्या आवृत्तीत ती जाऊ द्या. कपॅसिटरची पायरी मात्र या मार्गाने घालू नका. जुन्या तीन मॉडेलांना पॅनेलच नाही. ‘पॅनेलमधला दिवा विझेपर्यंत थांबा’ हे वाक्य ज्याच्या पंपाला पॅनेल नाही त्याच्या हाती गेलं, तर तो दिवा शोधत बसेल, आणि पुढच्या सूचनांवरचा त्याचा विश्वासही कमी होईल.

२. ब्रँच. एकाच उत्पादनाची जुनी आवृत्ती बाजारात चालू असताना नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं, म्हणजे दोन्हींची पुस्तिका एकाच वेळी जिवंत ठेवायची असली, की ब्रँच काढतात. सॉफ्टवेअरमध्ये हे नेहमीचं आहे: ग्राहकांकडे ४.२ चालू आहे, तुम्ही ५.० लिहिताय आणि मधेच ४.२ मध्ये दुरुस्ती करावी लागते. ब्रँच काढणं सोपं असतं, ती सांभाळणं अवघड. ४.२ च्या ब्रँचमध्ये केलेली दुरुस्ती ५.० मध्येही हवी असते आणि ती आपोआप जात नाही. म्हणून ब्रँच काढतानाच दोन गोष्टी लिहून ठेवा: ही ब्रँच कधी बंद होणार, आणि इथली दुरुस्ती मुख्य शाखेत नेण्याची जबाबदारी कोणाची. ज्या टीममध्ये याचं उत्तर ‘बघू नंतर’ असं असतं, तिथे दीड-दोन वर्षांत त्याच टॉपिकची तीन वेगवेगळी रूपं तयार होतात, आणि त्यातलं बरोबर कोणतं हे सांगणारी माणसं तोवर कंपनी सोडून गेलेली असतात.

आपल्या पंपाच्या उदाहरणात ब्रँच चुकीची आहे. चौथं मॉडेल ही जुन्याची पुढची आवृत्ती नाही, ते वेगळं उत्पादन आहे. हा फरक लक्षात न घेता मॉडेलागणिक ब्रँच काढत जाणं, ही डिटावर नव्याने आलेल्या टीमची सर्रास दिसणारी चूक.

३. अट घालणं. टॉपिक एकच ठेवायचा आणि वाढीव पायरीवर ‘हे फक्त चौथ्या मॉडेलसाठी’ अशी खूण करायची. प्रॉडक्ट, प्लॅटफॉर्म, ऑडियन्स ही त्यासाठीची अ‍ॅट्रिब्यूट्स आहेत, आणि कोणती खूण ठेवायची, कोणती गाळायची ते डिटाव्हॅल फाइल सांगते. फरक थोडा असेल तर हा मार्ग उत्तम. पण गाळण्याचे नियम नीट माहीत हवेत. एकाच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये दोन मॉडेलांची नावं लिहिली असतील, तर ती दोन्ही गाळायची असल्याशिवाय मजकूर गळत नाही. अ‍ॅट्रिब्यूट दोन वेगवेगळी असतील, तर त्यातलं एक जरी गाळायचं ठरलं तरी मजकूर जातो. या दोन नियमांची गल्लत झाली की पायरी कधी नको तिथे छापली जाते, कधी हवी तिथून गायब होते.

रेव्ह नावाचं अ‍ॅट्रिब्यूट या कामाला वापरू नका. ते बदललेला मजकूर समासात रेघ किंवा रंगाने दाखवण्यासाठी आहे. त्याच्या आधारे मजकूर गाळता येत नाही.

४. वेगळा टॉपिक. निम्म्याच्या आसपास पायऱ्या वेगळ्या असतील, किंवा वाचकाचं काम मुळातच वेगळं असेल, तर वेगळा टॉपिक लिहा आणि जो भाग खरंच समान आहे तेवढाच संदर्भाने आणा. यात एक अपवाद मी आग्रहाने सांगेन. सुरक्षेचा इशारा वेगळा असेल, तर फरक एका ओळीचा असला तरी अटीवर विसंबू नका, वेगळा टॉपिक करा. अटीचा सगळा भार डिटाव्हॅल फाइलवर असतो. पब्लिश करताना कोणी चुकीची फाइल निवडली, तर विजेच्या धक्क्याचा इशारा पुस्तिकेतून मुकाट्याने गळतो आणि कोणतंही साधन त्याबद्दल तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी सगळं नियमाने झालेलं असतं. कपॅसिटरची पायरीही विजेच्या धक्क्यापासून वाचवण्यासाठीच आहे, म्हणून आपल्या चौथ्या मॉडेलला स्वतःचा टॉपिक हवा.

पाचवी वाट म्हणजे सरळ कॉपी करून नाव बदलणं. घाईत ती सगळ्यांना सुचते. मूळ टॉपिकमध्ये नंतर झालेली दुरुस्ती कॉपीपर्यंत पोहोचत नाही, आणि ही कॉपी कशावरून केली होती हे साधनालाही ठाऊक नसतं. खरंच कॉपी करावी लागली, तर मूळ टॉपिकचं नाव आणि आवृत्ती नोंदीत लिहा.

लॉक आणि चेक-इन

टॉपिक चेक-आउट केला की तो तुमच्या नावावर लॉक होतो. इतरांना वाचता येतो, बदलता येत नाही. यासाठी काही सवयी लावून घ्या:

- आज ज्यावर काम करणार तेवढेच टॉपिक चेक-आउट करा. अख्खा मॅप एकदम उचलू नका.
- संध्याकाळी काम अपुरं असलं तरी चेक-इन करा, फक्त टॉपिकची अवस्था ‘मसुदा’च राहू द्या.
- रजेवर जाण्याआधी आपल्या नावावरच्या लॉकची यादी काढून ती रिकामी करा. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत निम्मी टीम गावी असते आणि बाहेरच्या देशातली टीम नेमक्या त्याच दिवशी रिलीज करत असते.
- काहीच बदललं नसेल, तर चेक-इन न करता चेक-आउट रद्द करा. इतिहासात विनाकारण नोंद पडत नाही.

दुसऱ्याच्या नावावर लॉक असेल, तर आधी त्या व्यक्तीला फोन करा. अ‍ॅडमिनला लॉक तोडता येतं, पण त्या व्यक्तीच्या संगणकावर असलेला, अजून चेक-इन न झालेला मजकूर त्यामुळे साठ्यात येत नाही, आणि पुढे तो तिथे सामावून घेणं किचकट होतं. तुमचं लॉक कोणी तोडल्याचं कळलं, तर पहिलं काम हे: तुमच्या संगणकावरची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा, मग साठ्यातली ताजी फाइल उघडा आणि दोन्ही ताडून पाहा. घाईघाईने ‘रिफ्रेश’ केलंत तर तुमचं काम पुसलं जाऊ शकतं.

चेक-इन करताना जी टीप लिहायची असते तिथे ‘बदल केले’ किंवा ‘अपडेट’ लिहून काही साधत नाही. काय बदललं, का बदललं आणि कोणत्या टास्कखाली, या तीन गोष्टी लिहा: ‘पायरी ३: थांबण्याचा अवधी बदलला, डिझाइन विभागाच्या सूचनेवरून’ आणि पुढे टास्कचा क्रमांक.

संपादन करताना रचना सांभाळा

टास्क टॉपिकमध्ये प्रत्येक पायरीत आज्ञेचं एक वाक्य असावंच लागतं. स्पष्टीकरण आणि पायरीचा परिणाम त्यानंतरच्या ठरलेल्या घटकांत जातात. वर्डमधून मजकूर चिकटवला की हे सगळं एका परिच्छेदात कोंबलं जातं आणि एडिटर चूक दाखवू लागतो. ती लाल खूण घालवण्यासाठी हाताला येईल तो टॅग लावू नका. ठळक दिसावं म्हणून ठळकचा टॅग लावण्यापेक्षा ते बटणाचं नाव असेल तर बटणाचा टॅग लावा. पुढे बटणांची सगळी नावं एकदम बदलायची वेळ आली, तर ती शोधता येतात.

आयडींना हात लावताना सावध राहा. कॉनरेफचा पत्ता फाइलचं नाव, टॉपिकचा आयडी आणि घटकाचा आयडी यांनी बनतो. यातला एक बदलला तरी तिकडच्या टॉपिकमधला मजकूर नाहीसा होतो. म्हणून:

- शीर्षक बदललं म्हणून आयडी किंवा फाइलचं नाव बदलू नका. शीर्षक वाचकासाठी आहे, आयडी यंत्रासाठी.
- फाइल हलवायची किंवा तिचं नाव बदलायचंच असेल, तर ते साधनाच्या आतून करा. विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन केलेला बदल संदर्भांपर्यंत पोहोचत नाही.
- टॉपिकचे दोन तुकडे करताना मूळ आयडी ज्या तुकड्याकडे जास्त संदर्भ आहेत त्याच्याकडे ठेवा.
- प्रोलॉगमधला रिसोर्स-आयडी बदलण्याआधी डेव्हलपरला विचारा. सॉफ्टवेअरमधलं ‘मदत’ बटण बहुधा त्याच खुणेवरून पान उघडत असतं.

‘की’ (key), म्हणजे मॅपमध्ये ठरवलेलं टोपणनाव, वापरून मजकूर आणत असाल, तर आणखी एक नियम: मॅपमध्ये एकच की दोनदा ठरवली असेल, तर आधी सापडणारी व्याख्या चालते. तुम्ही खाली नवी व्याख्या लिहिली आणि जुनंच नाव छापलं जातंय, असं दिसलं तर वरचे मॅप तपासा.

जुनी आवृत्ती उघडली, तरी जुनं पान मिळेलच असं नाही

या प्रश्नाला थोडी जास्त जागा देतो, कारण त्यातून होणारा गोंधळ गंभीर असतो. ग्राहकाने तक्रार केली: ‘दोन वर्षांपूर्वीच्या तुमच्या पुस्तिकेत ही सूचना नव्हती.’ तुम्ही टॉपिकच्या इतिहासात जाता, तेव्हाची आवृत्ती उघडता, आणि सूचना तिथे दिसते. ग्राहक चुकला, असं तुम्ही कळवता. प्रत्यक्षात बरोबर असतो तो ग्राहकच.

कारण असं. ती सूचना त्या टॉपिकमध्ये लिहिलेलीच नाही. ती इशाऱ्यांच्या सामाईक टॉपिकमधून संदर्भाने येते. तुम्ही जुनी आवृत्ती उघडली ती फक्त या टॉपिकची. संदर्भ मात्र सामाईक टॉपिकच्या आजच्या आवृत्तीकडे गेला. पडद्यावर दिसलं ते अर्धं दोन वर्षांपूर्वीचं आणि अर्धं आजचं, म्हणजे कोणाच्याही हाती कधीच न गेलेलं पान.

त्या दिवशीचं पान हवं असेल, तर त्या दिवशीची बेसलाइन हवी. तिच्यात सामाईक टॉपिक, चित्रं, मॅप या सगळ्यांच्या तेव्हाच्या आवृत्त्या नोंदलेल्या असतात. त्यासाठी:

- पुस्तिका रिलीज करताना बेसलाइन गोठवा. ‘नेहमी ताजी आवृत्ती घ्या’ ही सोय मसुद्याच्या काळात ठीक, रिलीजनंतर नको.
- डिटाव्हॅल फाइल आणि छपाईची स्टाइलशीट हीदेखील आवृत्तीखाली ठेवा. टॉपिक तेच आणि गाळणी वेगळी असली, तर पुस्तिका वेगळीच निघते.
- छापलेली किंवा पाठवलेली अंतिम पीडीएफ वेगळी जपून ठेवा. वादाच्या वेळी तोच सरळ पुरावा.

जुना मजकूर परत आणायचा असेल, तर मधल्या आवृत्त्या उडवू नका. जुन्या आवृत्तीतला मजकूर घेऊन सगळ्यात वर नवी आवृत्ती बनवा आणि टीपेत तसं लिहा. त्यानंतर संदर्भ तुटले आहेत का ते तपासा, कारण जुना टॉपिक ज्या घटकाकडे बोट दाखवत होता तो मधल्या काळात काढून टाकलेला असू शकतो.

रिव्ह्यूच्या खुणा आत राहू देऊ नका

ऑक्सिजनसारख्या एडिटरमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवून केलेले बदल फाइलमध्येच खास खुणांनी साठवले जातात. वाढवलेला मजकूर त्या खुणांच्या मध्ये असतो, खोडलेला मजकूर खुणेच्या पोटात जातो. पब्लिश करणारी यंत्रणा साधारणपणे या खुणांकडे दुर्लक्ष करते. म्हणजे कोणी मंजूर न केलेली वाढीव ओळ छापली जाते आणि मंजूर न केलेली खोडाखोडही अमलात येते. रिलीजआधी प्रत्येक बदल स्वीकारा किंवा नाकारा. अर्धवट ठेवू नका.

ड्राफ्ट-कमेंट हा घटक मात्र नेहमीच्या आउटपुटमध्ये येत नाही. शंका तिथे लिहा. रिव्ह्यू करणाऱ्या इंजिनिअरला चालू मसुद्याऐवजी गोठवलेली प्रत पाठवा. नाहीतर त्यांनी पाचव्या पायरीवर लिहिलेली सूचना दुपारपर्यंत सहाव्या पायरीची होऊन बसते.

भाषांतर, आणि मराठी मजकुराच्या अडचणी

भाषांतर नेहमी मूळ टॉपिकच्या एका ठरावीक आवृत्तीला जोडलेलं असतं. मूळ टॉपिकची नवी आवृत्ती निघाली की सगळी भाषांतरं ‘जुनी’ ठरतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. भाषांतर-स्मृती, म्हणजे आधी केलेल्या भाषांतरांचा साठा, वाक्यागणिक जुळणी करते. एक स्वल्पविराम हलला तरी पूर्ण जुळणी राहत नाही आणि ते वाक्य पुन्हा तपासायला जातं, त्याचे पैसे पडतात. म्हणून रिलीज झालेल्या टॉपिकमध्ये केवळ शैलीसाठी फेरफार करू नका. असे बदल साठवून ठेवा, आशयाचा बदल येईल तेव्हा एकत्र करा.

मराठी पुस्तिका तयार होणार असेल, तर मूळ इंग्रजी लिहिणाऱ्यालाच काही गोष्टी माहीत हव्यात. इंग्रजीत एकच शब्द संदर्भाने आणून वाक्यात बसवता येतो. मराठीत नामाला प्रत्यय लागताना नामाचं रूपच बदलतं: ‘पंखा’ चं ‘पंख्याला’, ‘झाकण’ चं ‘झाकणाचे’. साठ्यातून आलेल्या ‘पंखा’ पुढे ‘ला’ चिकटवला तर ‘पंखाला’ छापलं जातं. ‘तो’ की ‘ती’, ‘बसवावा’ की ‘बसवावी’ हेही त्या नामावर अवलंबून असतं. म्हणून भाषांतर होणार असेल तिथे निदान पूर्ण वाक्याचा पुनर्वापर करा, सुट्या शब्दाचा नको. न बदलणारं मॉडेलचं नाव चालेल, पण त्यालाही प्रत्यय लागणार नाही अशी वाक्यरचना ठेवा.

दुसरी अडचण टायपिंगची. ‘पायऱ्या’ मधला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. तुलना करणारं साधन मात्र तिथे बदल दाखवतं, शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत आणि भाषांतर-स्मृतीची जुळणीही हुकते. टीमने एकच कीबोर्ड ठरवावा आणि चेक-इनआधी तपासणीत हा नियम घालून घ्यावा.

गिट वापरत असाल तर

लहान टीम महागड्या साधनाऐवजी डिटा फाइली गिटमध्ये ठेवतात. ते चांगलं चालतं. तिथे चेक-आउटचं लॉक नसतं, दोघं एकच फाइल बदलू शकतात आणि नंतर बदल जुळवावे लागतात. गिट ओळींची तुलना करतो, त्याला टॅगचा अर्थ कळत नाही. एकाच्या एडिटरने सेव्ह करताना फाइलची मांडणी नव्याने केली, तर सगळ्याच ओळी बदललेल्या दिसतात आणि खरा बदल त्यात हरवतो. सगळ्यांच्या एडिटरमध्ये मांडणीची सेटिंग एकसारखी ठेवा. रिलीजला टॅग लावा, गिटमध्ये बेसलाइनचं काम तोच करतो.

काय पुसायचं नाही

एकदा रिलीज झालेला टॉपिक नको झाला, तर तो मॅपमधून काढा आणि त्याची अवस्था ‘निवृत्त’ करा. साठ्यातून डिलीट करू नका. आयएसओ ९००१:२०१५ च्या कलम ७.५.३ मध्ये दस्तऐवजांच्या बदलांवर नियंत्रण आणि त्यांची जपणूक यांची अट आहे. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं या क्षेत्रांत नियम आणखी कडक आहेत. अमेरिकेच्या एफडीएच्या भाग ११ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींमध्ये कोणी, केव्हा, काय बदललं याचा माग राहावा लागतो आणि नव्या नोंदीने जुनी झाकली जाता कामा नये. युरोपातल्या वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत तांत्रिक दस्तऐवज शेवटचं उपकरण बाजारात आल्यापासून १० वर्षं, आणि शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी १५ वर्षं, उपलब्ध ठेवायचे असतात. अशा कंपनीत काम करत असाल, तर ‘साठा स्वच्छ करण्या’ची मोहीम हाती घेण्याआधी गुणवत्ता विभागाची लेखी संमती घ्या.

तुमचे हक्क

साधनातले अधिकार भूमिकेप्रमाणे ठरतात: लेखकाला लिहिता येतं, रिव्ह्यू करणाऱ्याला सूचना देता येतात, मंजुरी देणाऱ्याला रिलीज करता येतं. लहान टीममध्ये एकाच माणसाला तिन्ही अधिकार दिले जातात. आपणच लिहिलेलं आपणच मंजूर करण्याची वेळ आली, तर दुसरं कोणीतरी पाहावं अशी मागणी करा. तुमच्या लॉगइनवरून दुसऱ्याला कधीही मंजुरी देऊ देऊ नका. इतिहासात तुमचं नाव राहतं आणि विचारणाही तुम्हालाच होते.

लेखनाच्या मालकीबद्दल वारंवार विचारणा होते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक नियोक्ता असतो, करारात वेगळं ठरलं नसेल तर. तुम्ही फ्रीलान्सर असाल, तर साधारणपणे पहिले मालक तुम्ही आणि हक्क कंपनीला द्यायचे तर कलम १९ नुसार तुमच्या सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कंपन्यांच्या करारांत बहुधा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द असतात, तेव्हा सही करण्याआधी ते वाचा आणि मोबदला त्या हिशोबाने ठरवा.

नोकरी बदलताना नमुना म्हणून जुन्या कंपनीचे टॉपिक पेन ड्राइव्हवर नेऊ नका. ते तुमचे नाहीत, आणि चेक-आउट, एक्सपोर्ट यांची नोंद साठ्यात राहते. नमुना नव्याने लिहा. डिटा ओपन टूलकिट मोफत आणि मुक्त आहे, त्यासोबत सरावासाठी छोट्या नमुना फाइलीही येतात. एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरच्या वापरावर सहा-सात टॉपिक लिहा, ते गिटमध्ये ठेवा, एक बेसलाइन टॅग करा, मग एका टॉपिकमध्ये अट घाला आणि दोन पुस्तिका काढून दाखवा. मुलाखतीत अमुक निर्णय का घेतला असं विचारलं, तर चेक-इनच्या टीपा उघडून दाखवता येतील.